चार इंचांच्या आतला फाटा

“आधी कान बघ. मग कानांच्या वर बघ. वर सरळ सुळा दिसला तर खोंड. फाटा दिसला तर टोपी काढ आणि जाऊ दे त्याला.”

पपा हे दरवर्षी सांगायचे, बुटांच्या नाड्या बांधता बांधता, समोर कोण बसलंय हे न बघता. एकदा फादर लुई आमच्या शिकारीच्या तंबूला आशीर्वाद द्यायला वर आले होते, त्यांनाही सांगून झालं. फादरनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती, पण त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी प्रवचनात कानांचा दाखला दिला.

पपा गेले त्याला बारा वर्षं झाली. तरी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला, बिअरला लागणाऱ्या हॉपच्या वेली उतरवून वाळवून झाल्या आणि आमची मॉक्सी गावची मंडळी गाड्या भरून डोंगरात चढली, की ते वाक्य आमच्या आधी तंबूत जाऊन बसलेलं असतं. कोणी ना कोणी म्हणतंच, “आधी कान बघ.” मग बाकीचे हसतात आणि बूट चढवतात.

पंचाईत एवढीच, की तो नियम आता राहिलेला नाही.

पपांच्या वेळी एका तरी शिंगाला कानांच्या वर फाटा नसला, की तो एल्क, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं सांबर, खोंडात मोडायचा आणि मारायला मोकळा. दुसऱ्या शिंगाला हवे तेवढे फाटे फुटोत. पुढे वन्यजीव खात्याने आमच्या खोऱ्यासाठी नियम बदलला. आता दोन्ही शिंगं सरळ हवीत. फाटा असलाच तर तो शिंग कवटीला जिथे चिकटतं तिथून चार इंचांच्या आत फुटलेला हवा. चार इंचांच्या वर फुटला, तर त्या नराकडे बघून फक्त उसासा टाकायचा. आणि इंचभरापेक्षा छोटा असेल तर तो फाटा नव्हेच, गाठ. कानांचा उल्लेख नियमांच्या पुस्तिकेत कुठेही नाही.

ओविला काकांना हे पटलेलं नव्हतं. काका म्हणजे पपांचे धाकटे भाऊ, वय वर्षं एक्याऐंशी, पपांनंतर आमच्या शिकारीच्या तळाचे प्रमुख. “ज्याने हे लिहिलं त्याने जिवंत एल्क पाहिलाय का?” ते म्हणायचे. “पट्टी घेऊन जाऊ का त्याच्याकडे? म्हणू, जरा डोकं खाली कर, बाळा?”

त्यांचा मोठा मुलगा एमेरी पुस्तिका वरच्या खिशात ठेवतो, तिथे दुसरे लोक चष्मा ठेवतात. शुक्रवारी दुपारी मी चुलीपाशी वाटाण्याचं सार ढवळत होते, तेव्हा तो आत आला आणि हळूच म्हणाला, “ताई, एक बोलायचंय.”

“बोल की.”

“बाबांचं. या वर्षी त्यांच्या हातून चुकीचा नर पडला, तर परवाना जाईल. एक्याऐंशीव्या वर्षी गेलेला परवाना परत येतो का? म्हणजे शिकार संपली त्यांची. आणि संपायची तर अशी, चोरासारखी?”

“त्यांना सांगून बघितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, तू जन्मलास तेव्हा मी तुझेही कान आधी बघितले होते.”

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, “जेवताना बघू.”

मी शिकार करत नाही. पहाटे मंडळी उठायच्या आत माझी जपमाळ झालेली असते, मग दिवसभर माझी चूल आणि माझी भांडी. शुक्रवारी आम्हा कॅथलिकांना मांस वर्ज्य, म्हणून माझ्या सारात डुकराचं हाड पडत नाही, याबद्दल दरवर्षी तक्रार होते आणि दरवर्षी दोनदा वाढून घेतलं जातं. शनिवारसाठी मात्र पिठाच्या पारीत खिमा भरून भाजायच्या तूर्तिएर करून ठेवायच्या असतात. त्या दिवशी त्यांचं पीठ मळून एक चांगला गोळा उरला. मी त्याच्या लांब वळ्या केल्या, काहींना बोटाने फाटे काढले आणि भट्टीत भाजायला टाकल्या.

जेवायला बसल्यावर टेबलावर तीन मोठे बटाटे मांडले, प्रत्येकात दोन-दोन खुसखुशीत शिंगं खोचलेली.

“हे काय?” काकांचा धाकटा आर्मां म्हणाला. “ताईने गोठा उघडला!”

“बटाटा म्हणजे कवटी,” मी म्हटलं. “चार इंच म्हणजे एमेरीच्या काडेपेटीच्या दोन लांब्या. आता सांगा, कुठला मारायचा?”

पहिल्याची दोन्ही शिंगं सरळ होती, त्यावर वाद नव्हता. दुसऱ्याला बुडाशीच एक छोटा फाटा होता. आर्मां म्हणाला, नाही मारायचा. एमेरी म्हणाला, मारायचा, चारच्या आत आहे. तिसऱ्याचं एक शिंग सरळ आणि दुसऱ्याला वर फाटा. काकांनी त्याच्यावर बोट ठेवलं. “हा. एक बाजू सरळ आहे. मारा.”

“बाबा, तो तर मुळीच चालत नाही!”

“माझ्या भावाने असे सव्वीस मारले.”

“तेव्हा चालत होते.”

“एल्क तेच आहेत ना?”

आर्मांने तेवढ्यात कोबीची दोन पानं आणली आणि दुसऱ्या बटाट्याला कान लावले. पानं उभी केली तशी ती शिंगाच्या बुडाला झाकून उभी राहिली आणि तो फाटा नेमका पानाआड गेला. नुसतं टोक बाहेर डोकावत होतं.

“आता बोला, वकीलसाहेब,” आर्मां एमेरीला म्हणाला. “हा फाटा चारच्या आत फुटलाय की बाहेर?”

एमेरी वाकून बघायला लागला.

“वाकायचं नाही! तू झाडामागे आहेस, दीडशे पावलांवर. आणि तुला शिंक येतेय.”

“कान खाली पाडेपर्यंत थांबायचं,” एमेरी म्हणाला.

“आणि नाही पाडले तर? विनंती अर्ज करायचा?”

बराच वेळ असं चाललं. वाद संपला नाही, कारण मध्येच काकांनी तिसरा नर शिंगांसकट उचलला आणि शिंगं कुडुम-कुडुम खाऊन टाकली. “बेकायदेशीर होता ना? पुरावा संपला.”

सगळे हसत असतानाच एमेरी म्हणाला, “बाबा, या वेळी ताईला बरोबर घेऊन जा.”

“हिला? ही उंदराच्या पिंजऱ्याचं दार उघडून त्याला चीज देऊन पाठवते.”

“मारायला नाही. बघायला. तिची नजर चांगली आहे, आणि तिने नाही म्हटलं तर तुम्ही तिच्यावर ओरडत नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून सार वाढत राहिले. मला वाटलं, आता उडवून लावतील. पण ते म्हणाले, “ठीक आहे. ही पोरगी हो म्हणेपर्यंत माझं बोट चापाला लागणार नाही. पण लवकर म्हण गं बाई, मला फार वर्षं राहिलेली नाहीत.”

शनिवारी आम्हाला दोन खारी आणि गेरिट दिसला. गेरिट पलीकडच्या तळावरचा, सनीसाइडकडे त्याचा गोठा आहे, एवढा थोरला माणूस पण चालतो तो चवड्यावर. रविवारी मी खाली चर्चमध्ये मिस्साला जाऊन आले. सोमवारी धुकं इतकं होतं की आर्मां स्वतःच्याच तंबूला वळसा घालून तीनदा त्याच दारात आला.

मंगळवारी उजाडताना आकाश स्वच्छ होतं. पिवळे पडलेले लार्चचे वृक्ष आणि त्यांच्याखाली पांढरं दहिवर. मी एमेरीचं जुनं केशरी जाकीट घालून काकांच्या शेजारी ओंडक्याआड बसले. गळ्यात त्यांची दुर्बीण. त्यांनीच दिली होती. “मला लागत नाही,” म्हणाले होते.

समोरच्या उतारावर पहिल्या उन्हात माद्या आल्या, चरत चरत, एकामागून एक.

“किती?” काका कुजबुजले.

“सात, काका.”

“बरोबर. तुझी परीक्षा घेत होतो.”

थोड्या वेळाने त्यांनी अगदी हळू बंदूक ओंडक्यावर टेकवली आणि गाल दस्त्याला लावला. बोट बाहेरच होतं, पण श्वास थांबला होता. मी त्यांच्या नळीच्या रोखाने पाहिलं. तिथे एकही जनावर नव्हतं. एक जळकं खोड होतं, माणसाएवढं, वर दोन वाळक्या फांद्या.

“पोरी,” ते म्हणाले, “दोन्ही सरळ आहेत. हो म्हण.”

“काका, ते खोड आहे.”

त्यांनी गाल उचलला. “माहितीय मला,” ते म्हणाले. “बघत होतो, तू जागी आहेस का.”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. काही गोष्टी बघितल्या की त्या खऱ्या होतात असं मला वाटलं, आणि मला अजून थोडा वेळ हवा होता.

तेवढ्यात डावीकडच्या झुडपातून तो खरोखरच बाहेर आला. कोवळा नर, मानेवर काळपट आयाळ, उन्हात नाकातून वाफ. ऐंशी पावलंसुद्धा लांब नव्हता. एवढ्या जवळून तो काकांनाही दिसला. त्यांची बंदूक फिरली.

“वर फाटा आहे?”

मी दुर्बीण लावली. डावं शिंग सरळ, सुरीसारखं. उजवंही वर सरळच. पण त्याचा उजवा कान ताठ उभा होता आणि कानाच्या कडेवरून काहीतरी पुढे आलेलं दिसत होतं, बोटाच्या पेराएवढं, फिकट टोक.

“वर नाही,” मी म्हटलं.

“मग झालं की!”

“कानाआड काहीतरी आहे, काका. फाटा आहे. कुठून फुटलाय ते दिसत नाही.”

“खालूनच असणार.”

“असेल.”

“मग हो म्हण.”

मी बघत राहिले. नराने गवताचा एक घास घेतला आणि तो आरामात चघळला. त्याला काही घाई नव्हती. डावा कान त्याने फडफडवला, खाली पाडला, वर केला. उजवा मात्र तसाच. मनातल्या मनात मी मारियामातेला म्हटलं, आई, फक्त एक कान. आता हसू येतं, पण तेव्हा मी अगदी मनापासून मागितलं होतं.

“पोरी.” काकांचा आवाज एकदम लहान झाला होता. “अंदाजाने सांग.”

“अंदाजाने नाही सांगता येत मला.”

त्यांचं बोट चापाच्या बाहेरच होतं. कडेवर होतं, पण बाहेर. मी किती वेळ म्हणून सांगू? एक जपमाळ ओढून होईल एवढा तरी. मग वारा फिरला, नराने डोकं उचललं, आमच्याकडे शेपूट केली आणि चढ चढून निघून गेला. माद्या त्याच्या मागे.

काकांनी बंदूक खाली घेतली आणि रुमालाने डोळे पुसले. थंडीने पाणी आलं होतं, ते म्हणाले.

आम्ही निघण्यासाठी उठत होतो, तेवढ्यात कड्याच्या पलीकडून एक बार ऐकू आला. एकच. काका म्हणाले, “गेरिट.” बंदुकीच्या आवाजावरून ते मॉक्सीतल्या अर्ध्या गावाला ओळखतात.

दुपारी सार उकळत असताना गेरिटची गाडी आमच्या तळावर आली. मागच्या फळीवर सकाळच्या त्या नराचं डोकं. मी लांबूनच ओळखलं, पण जवळ जाऊन पुन्हा पाहिलं.

एवढा मोठा गेरिट टोपी हातात घेऊन उभा होता. “मी खात्याच्या ऑफिसरबाईंना फोन केलाय,” तो म्हणाला. “त्या येतायत. पण त्यांच्या आधी तुम्ही सांगा मला. मला वर फाटा दिसला नाही, मी मारला. मग जवळ गेलो तर कानाआड हा फाटा निघाला. तुमच्याकडे म्हणे बटाटे आहेत.”

“बटाटे खाल्ले,” आर्मां म्हणाला. “पण डोकी अजून आहेत.”

मग मोजणी सुरू झाली. एमेरीने पट्टी केसांच्या रेषेवर ठेवली, साडेतीन भरलं. आर्मांने शिंगाच्या खडबडीत कड्यापासून मोजलं, तीनला थोडं कमी. गेरिटने घाबरून कवटीच्या मधोमध पट्टी टेकवली, सव्वाचार झालं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. काकांनी कान उभा धरून त्यावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाले, “वर फाटा नाही.”

“बाबा, कान मोजायचा नाही!”

“मी कान मोजत नाहीये. मी तुम्हाला दाखवतोय, की तुमच्या तीन माणसांचे तीन आकडे आलेत आणि माझा एकट्याचा एकच आहे.”

एमेरीने पट्टी खिशात घातली.

ऑफिसर टॅबरबाई आल्या. वय तिशीच्या आत, वेणी, खिशात पेन्सिल. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, म्हणजे सगळे एकदम बोलत होते तेव्हा त्या हातमोजे काढत होत्या. मग अंगठ्याने केस बाजूला सारले, शिंग हाडाला कुठे मिळतं ते नखाने चाचपलं, मऊ फीत तिथे धरली आणि शिंगाच्या कडेकडेने फाट्याच्या मुळापर्यंत नेली.

“पावणेचार,” त्या म्हणाल्या. “कायदेशीर आहे. अभिनंदन.”

गेरिटने त्यांना मिठी मारायला हात पसरले, मग भान येऊन ते आर्मांभोवती टाकले. आर्मांचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

हसणं थांबल्यावर एमेरीने हळूच विचारलं, “बाबा, सकाळी तुमच्यासमोर आला होता तो हाच?”

“हाच.”

“किती लांब होता?”

“तुझ्या आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीएवढा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आर्मांनेसुद्धा. मी साराचा डाव शोधायच्या निमित्ताने वळले. पावणेचार. एका ‘हो’ने काकांच्या आयुष्यातला शेवटचा एल्क त्यांचा झाला असता, आणि त्यात खोटं काहीच नसतं. पण मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं आणि सार उगाचच पुन्हा ढवळलं.

“तिच्याकडे काय बघताय?” काका म्हणाले. “तिला दिसलं नाही, ती बोलली नाही. तुमच्यापैकी कोणी असता तर तिथे बसून मला पुस्तिका वाचून दाखवली असती.”

गेरिटला आनंदाने काय करू आणि काय नको झालं होतं. तो काकांपाशी आला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “ओविलाजी, वरच्या झऱ्यापाशी अजून एक खोंड आहे. मी काल पाहिला. दोन्ही बाजू दाभणासारख्या सरळ, ना फाटा, ना गाठ. संध्याकाळी पाण्यावर येतो. आंधळाही मोजेल असा. तो तुमचा.”

“मग आजच जाऊ!” एमेरी म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की तो मला दहा वर्षांचा वाटला. “बाबा, तिथे ताईचीही गरज नाही. मी तुम्हाला गाडीने झऱ्यापर्यंत सोडतो, तुम्ही एकटे बसा. जसे पूर्वी बसायचे.”

काका म्हणाले, “बघू.”

मी लाकडं आणायला तंबूच्या मागे गेले. थोड्या वेळाने काका आले आणि माझ्याशेजारी ओंडक्यांच्या राशीवर बसले. मी लाकडं उचलत राहिले.

“तुला कळलंय,” ते म्हणाले.

“हो, काका.”

“कधीपासून?”

“खोडापासून.”

त्यांनी मान हलवली. “गेल्या हिवाळ्यापासून असं आहे. मधोमध धुकं. कडेने सगळं दिसतं. तुझा चेहरा आत्ता नाही दिसत, पण लाकडं दिसतायत. डॉक्टर म्हणतो, आहे ते राहील, परत येणार नाही.” मग थोडं हसले. “म्हणून मी कानांना धरून बसलो होतो. कान मोठे असतात ना. चार इंच कुठून दिसणार मला?”

मी लाकडं खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.

“झऱ्यावरचा तो अगदी सरळ आहे म्हणे,” ते म्हणाले.

“हो म्हणे.”

“आंधळाही मोजेल.”

मी ॲप्रनला चिकटलेली लाकडाची सालं काढत राहिले.

“एमेरीला सांगणार आहेस?”

“त्याने विचारल्याशिवाय नाही. पण विचारलं, तर मी नाही म्हणणार नाही.”

“तो विचारणार. आता नाही, पण गाडीत बसेपर्यंत विचारणार. आईवर गेलाय.” त्यांनी गुडघे चोळले. “एकदाच जाऊन येतो, पोरी. एक संध्याकाळ. मग सांगतो सगळ्यांना. मोसम संपल्यावर मीच सांगतो, वाटलं तर चर्चच्या पायरीवर उभा राहून.”

मला त्यांना हो म्हणायचं होतं. मनापासून सांगते, फार म्हणायचं होतं. पपांचा भाऊ होता तो. मी लहान असताना याच माणसाने मला खांद्यावर बसवून हॉपच्या वेलींची टोकं दाखवली होती.

“काका,” मी म्हटलं, “ते सकाळचं खोड. त्याच्या जागी आर्मां बसला असता तर?”

“आर्मांने केशरी जाकीट घातलं असतं.”

“ते मधोमध असतं तर?”

वाऱ्याने लार्चच्या पिवळ्या सुया आमच्या मांडीवर पडत होत्या. काका त्या एकेक करून झटकत होते, ज्या त्यांना कडेने दिसत होत्या त्या. तंबूच्या पुढच्या बाजूला आर्मां गेरिटला सांगत होता की एल्कच्या कानांनी आमच्या घराण्याचं किती नुकसान केलं, आणि गेरिट खो-खो हसत होता.

“सार वाढायच्या आधी,” काका शेवटी म्हणाले. “सार वाढायच्या आधी सांगतो त्याला. वचन.”

“मी येऊ बरोबर?”

“नको. तू आलीस तर त्याला वाटेल तू मला पाठवलंस.”

मी सार खाली उतरवून झाकण लावलं. पाव कापायला घेतला आणि अगदी सावकाश कापला, पावाच्या इतक्या पातळ चकत्या मी कधीच केल्या नव्हत्या. बाहेर एमेरीने गाडी सुरू केली. काच पुसली, बाजूच्या बसायच्या जागेवर घोंगडी घडी करून ठेवली, त्यावर थर्मास. मग शीळ घालत गाडीला वळसा घालून दार उघडून ठेवलं.

“बाबा! चला, उन्हं कलायच्या आत पोहोचू!”

काका तंबूच्या दारात आले. जाकिटाच्या पट्ट्यातल्या गोळ्या त्यांनी बोटांनी चाचपत एकेक काढल्या, पाच होत्या, आणि पाचही माझ्या ॲप्रनच्या खिशात सोडल्या. बंदूक खुंटीवर टांगली. मी एकदम म्हणून गेले, “सार पुन्हा थोडं उकळू देते, काका.”

“नको,” ते म्हणाले. “झालंय ते.”

त्यांनी टोपी काढून हातात घेतली, मान जरा तिरकी केली, मुलगा कडेने दिसावा म्हणून, आणि गाडीच्या दिशेने चालू लागले.